शेवटच्या कोरससाठी राखलेला उजेड: रॉक गाण्याचा व्हिडिओ शूट करताना

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, रविवारी मशीनं बंद असतात. अशाच एका शेडमध्ये डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही चार पोरांच्या बँडचं गाणं शूट केलं. छताच्या सिमेंटच्या पत्र्यांमध्ये दोन फायबरचे पारदर्शक पत्रे होते. साडेअकराच्या सुमारास त्यांतून ऊन तिरपं खाली उतरलं आणि आम्ही सोडलेल्या धुरात त्याचा जाडजूड खांब उभा राहिला. गायक सहज त्यात शिरला. अर्धा चेहरा लख्ख, अर्धा काळोखात. पोरं ओरडली, "दादा, गाण्याची सुरुवात यानंच करू!" मी म्हटलं, "हा खांब शेवटच्या कोरसचा. त्याआधी तो कुणाला दिसायला नको."

मग शेवटचा कोरस, म्हणजे ध्रुवपदाची शेवटची फेरी, आम्ही सगळ्यात आधी शूट केला, कारण ऊन थांबत नाही. सहा मीटर उंच छताखाली तो डाग तासाला दोनेक मीटर सरकतो.

मला या लेखात सांगायचं आहे ते हेच. रॉकच्या व्हिडिओत कॅमेरा हलवता येतो, दिवे पेटवता येतात, दर सेकंदाला कट मारता येतो. हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात खर्च झालं की पुढची साडेतीन मिनिटं प्रेक्षकाला द्यायला काही उरत नाही. बडोदा दरबारचे गायक फैयाज खाँसाहेबांच्या नोम-तोम आलापीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या बडोदेकरांना मी हे वेगळं काय सांगणार? वरचा षड्ज लागायच्या आधी तो किती वेळ राखलाय, यावर त्याची किंमत ठरते. डिस्टॉर्शनवाल्या गिटारलाही हाच न्याय लागतो.

आधी वही, मग कॅमेरा

गाणं डोळे मिटून निदान दहा वेळा ऐका. मग वहीचं आडवं पान घेऊन एक लांब रेघ ओढा. ही झाली गाण्याची लांबी. तिच्यावर व्हर्स (कडवं), कोरस, ब्रिज (मधला वेगळ्या चालीचा तुकडा), सोलो (एकट्या वाद्याचा भाग) कुठे सुरू होतात त्या खुणा मिनिट-सेकंदासह करा. खाली दुसरी रेघ काढा, ती जोराची: गाणं शांत आहे तिथे खाली, पेटतं तिथे वर. हा चढउतार तयार झाला की त्याखाली तीन ओळी लिहायच्या, उजेड, कॅमेरा आणि कट. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट ठरवायची: या भागात मी काय *वापरणार नाही*.

आमच्या त्या गाण्याच्या पानावर असं होतं. पहिल्या व्हर्समध्ये समोरून दिवा नाही, कॅमेरा तिकाटण्यावर, ड्रमर फक्त आकृतीसारखा. पहिल्या कोरसला कॅमेरा हातात, पण चेहरे अजून बाजूनेच. दुसऱ्या व्हर्सला पुन्हा तिकाटणं. ब्रिजमध्ये एकच शॉट, कट नाही. शेवटच्या कोरसला उन्हाचा खांब, समोरून चेहरा, सगळं मोकळं. हे पान शेडच्या भिंतीवर चिकटवलं होतं आणि दिवसभर सगळ्यांची नजर त्यावर जात होती.

यासाठी निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचं १९९१चं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' पाहण्यासारखं आहे. सॅम्युअल बेयर यांनी दिग्दर्शित केलेला तो व्हिडिओ म्हणजे शाळेच्या व्यायामशाळेसारखा सेट, पिवळट-तपकिरी उजेड आणि धूर. बँडचा गायक कर्ट कोबेन याला पहिलं एडिट पटलं नाही. त्याने ते स्वतः बसून बदलून घेतलं आणि अगदी शेवटाजवळ स्वतःच्या चेहऱ्याचा क्लोजअप टाकला. त्याआधी बहुतेक वेळ तो चेहरा केसांत, धुरात, हालचालीत झाकलेला आहे. म्हणून तो एक क्लोजअप अंगावर येतो.

विजेचा हिशोब

हा भाग रुक्ष आहे, पण इथे चुकलं तर पुढचं काहीच वाचवता येत नाही. माझा पहिला बँड-व्हिडिओ असाच गेला. भाड्याने आणलेले एलईडी पार लाइट (स्टेजवरचे डब्यासारखे दिवे) होते, कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, ऑटोवर राहिलं होतं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं छान दिसत होतं. घरी मॉनिटरवर लावलं तर प्रत्येक शॉटमध्ये काळपट आडवे पट्टे वरून खाली सरकत होते. दांडियाबाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर मी पहाटेपर्यंत ते पुसायचा प्रयत्न केला. पुसले गेले नाहीत. बँडला फोन करून सांगावं लागलं की परत शूट करायचं आहे, आणि त्यातल्या एकाची तोवर पुण्याला बदली झाली होती.

कारण साधं आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची. साधा दिवा त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून टाका आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ठेवा. २५ फ्रेमला १/५० शटर म्हणजे हालचालीचा धूसरपणाही डोळ्याला सवयीचा वाटतो. फोनवर शूट करत असाल तर शटर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला म्हणायचं ते) हाताने बांधता येतील असं ॲप घ्या. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे आणि तेवढं काम नीट करतं. काही स्वस्त एलईडी मंद केल्यावर वेगळ्याच गतीने लुकलुकतात, तेव्हा भाड्याने आणलेला प्रत्येक दिवा पूर्ण तेज आणि अर्धा तेज असा दोनदा कॅमेऱ्यातून तपासा.

उन्हात शूट करणार असाल तर १/५० ला चित्र पांढरंफटक पडेल. तिथे एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोरची राखाडी काच, लागतो. कडक उन्हात आयएसओ १००, शटर १/५० आणि लेन्स एफ २.८ वर, म्हणजे बरीच उघडी, ठेवायची असेल तर साधारण सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कापावे लागतात, म्हणजे एनडी ६४. फिल्टर न लावता शटर १/२००० वर नेलं तर गिटारच्या तारा लाटांसारख्या वेड्यावाकड्या दिसतात. फोनचा सेन्सर चित्र एका दमात टिपत नाही, ओळीओळीने टिपतो, आणि तार तेवढ्यात हललेली असते. एखाद्या शॉटपुरतं ते गंमतीचं दिसेल. सोलोभर नको.

प्लेबॅक

शूटच्या दिवशी बँड वाजवतो, पण आवाज रेकॉर्ड झालेल्या गाण्याचाच वापरायचा असतो. त्यामुळे स्पीकर दणदणीत हवा, ड्रमच्याही वर ऐकू येणारा. ड्रमरला खोटं खोटं वाजवायला सांगू नका. हलक्या हाताने मारलेला स्नेअर (ड्रमरच्या पुढ्यातला खणखणीत ड्रम) पडद्यावर लगेच ओळखू येतो. खांदा उचलला जात नाही, झांजा हलत नाहीत. झांजांखाली टॉवेल घालून आवाज कमी करा, पण हात पूर्ण उचलू द्या.

गाण्याच्या फाइलच्या सुरुवातीला चार ठोक्यांचे टिकटिक आवाज जोडून घ्या, म्हणजे सगळे एकत्र उचलतात आणि एडिटिंगला जुळवायलाही तीच खूण मिळते. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू ठेवा. एक बारीक गोष्ट मला उशिरा समजली. आवाज एका फ्रेमच्या वेळात, म्हणजे ४० मिलिसेकंदात, जेमतेम १४ मीटर जातो. मोठ्या शेडमध्ये स्पीकर गायकाजवळ आणि कॅमेरा लांब असेल तर आवाजावरून आपोआप जुळवलेली क्लिप एक फ्रेम चुकलेली निघते. ओठांकडे पाहून ती हाताने सरकवायची.

स्लो मोशनमध्ये गायक सुरात गाताना दिसावा असं वाटत असेल तर गाणं वेगाने वाजवा, त्याच प्रमाणात जास्त फ्रेमवर शूट करा आणि एडिटिंगमध्ये मूळ गतीला आणा. कोल्डप्लेचं २००० सालचं 'येलो' असंच केलं आहे: ५० फ्रेमवर एकच सलग शॉट आणि दुप्पट वेगाने वाजणाऱ्या गाण्यावर गायक समुद्रकिनाऱ्यावर चालतो. दुप्पट वेग नवख्याला झेपत नाही. त्याऐवजी ३० फ्रेमवर शूट करून गाणं १२० टक्के वेगाने वाजवा आणि २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर आणा. ओठ जुळतात, अंगाला थोडंसं वजन येतं आणि पाहणाऱ्याला नेमकं काय केलंय ते कळतही नाही. मला तो थोडासाच जडपणा जास्त आवडतो.

उजेड

बँडला वाटतं दिवे खूप लागतात. मी म्हणेन, एक कडक दिवा मागून आणि धूर, एवढ्यावर अर्धं गाणं होतं.

धूर मागच्या दिव्यात उजळतो. तोच दिवा समोर आणला तर धूर पांढऱ्या पडद्यासारखा मधे येतो आणि चेहरे धुऊन निघतात. तेव्हा दिवा बँडच्या मागे, वर, कॅमेऱ्याकडे तोंड करून लावा आणि त्याच्या थेट झोतात एखाद्या वादकाला उभं करा, म्हणजे दिवा त्याच्या डोक्यामागे लपतो. केसांची, खांद्याची, गिटारच्या मानेची कड पेटते. चेहऱ्यावर काही दिसायला हवं असेल तर समोर बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरा. त्याच दिव्याचा परतलेला उजेड चेहऱ्याला पुरतो.

दिवा किती लांब ठेवता यालाही महत्त्व आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. दिवा दोन मीटरवर असेल आणि गायक झिंगून एक पाऊल, म्हणजे मीटरभर, त्याच्याकडे सरकला तर तो चौपट उजळतो आणि चेहरा पांढरा होतो. तोच दिवा सहा मीटरवर असता तर फरक दीडपटही पडत नाही. रॉकवाले एका जागी उभे राहत नाहीत. राहूही नयेत. म्हणून दिवा मोठा आणि लांब.

बडोद्यात दिव्यांची कमी नाही. नवरात्रात गरब्याच्या मैदानांसाठी जे साउंड-लाइटवाले पार, शार्पी (बारीक झोताचे फिरते दिवे) आणि हेझर (पातळ धुराचं मशीन) पुरवतात, त्यांच्याकडे नवरात्र आणि लग्नसराई सोडून माल गोदामात पडून असतो. त्यांच्याशी नीट बोललं तर ते रविवारी स्वतः येऊन बसतात. मंडपवाल्याचे जुने हॅलोजनही सोडू नका. त्यांचा उजेड ३२०० केल्विनचा, पिवळट, आणि तार तापलेली राहत असल्यामुळे ते जवळजवळ लुकलुकत नाहीत. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ५६०० वर बांधला की तोच हॅलोजन भट्टीसारखा नारिंगी दिसतो आणि छतातून येणारं ऊन पांढरं राहतं. रंगाचा फिल्टर न वापरता दोन रंग मिळाले. हॅलोजन मात्र भाजतो. पडद्यांपासून, वायरींपासून लांब ठेवा आणि सगळे दिवे एकाच बोर्डावर जोडू नका.

निळ्या आणि जांभळ्या एलईडीपासून सावध. पूर्ण तेजाने लावलेला निळा पार चेहऱ्यावर पडला की सेन्सरचा निळा भाग भरून वाहतो, आणि नाक, गाल, ओठ सगळं एका सपाट निळ्या डागात जातं. नंतर काहीही करून ते परत येत नाही. निळ्यात थोडा पांढरा मिसळा किंवा तेज उतरवा.

धुरासाठी हेझर असेल तर उत्तम; तो पातळ, एकसारखा पसरतो. फॉग मशीनचा धूर ढगासारखा येतो, तेव्हा सोडून दोन-तीन मिनिटं पुठ्ठ्याने पसरवायचा आणि मगच रोल करायचं. पंखे आणि एक्झॉस्ट बंद. दर दोन टेकनंतर शेडचं शटर उघडून सगळ्यांनी बाहेर यायचं, विशेषतः गायकाने.

बाहेर शूट करायचं तर महिना पाहा. बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला दुपारी ऊन अगदी डोक्यावरून पडतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या खड्ड्यांसारख्या दिसतात. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच असतो. दिवसभर तिरपा उजेड मिळतो. आमचं शेडमधलं शूट म्हणूनच डिसेंबरात होतं.

कॅमेरा कुठे उभा राहतो

फोनची मुख्य लेन्स बरीच वाइड असते. तिचा उपयोग लांबून सगळा बँड मावण्यासाठी करू नका, जवळ जाण्यासाठी करा. गिटारच्या हेडस्टॉकपासून (खुंट्यांच्या टोकापासून) हातभर अंतरावर गेलात की मान रस्त्यासारखी लांब दिसते आणि वाजवणाऱ्याचा चेहरा तिच्या टोकाला येतो. गायकासाठी मात्र लांब लेन्स घ्या, ८५ मिलिमीटरच्या आसपास. मागचे दिवे गोल विरघळतात आणि तो एकटा उरतो.

हातातला कॅमेरा म्हणजे थरथरणारा कॅमेरा नव्हे. कोपरं बरगड्यांना टेकवा, गुडघे सैल सोडा आणि गाण्याची ओळ संपेपर्यंत एकच हालचाल करा. मी ओळीच्या सुरुवातीला श्वास घेतो आणि गायकाबरोबर सोडतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण हालचालीला शब्दाची लांबी मिळते. गिम्बल, म्हणजे कॅमेरा आपोआप स्थिर ठेवणारा दांडा, मला या गाण्यांत पटत नाही; त्यात घर विकायच्या जाहिरातीचा गुळगुळीतपणा येतो. फोनचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन कमी उजेडात बंद ठेवा, नाहीतर चित्र मधेच चिरकतं.

ड्रोनचं थोडक्यात. आपला विमानतळ हरणीला, शहराला लागूनच आहे. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर तुमची जागा हिरवी, म्हणजे ड्रोनसाठी मोकळी, आहे का ते आधी बघा.

काय काय शूट करायचं याचा माझा क्रम असा. आधी लांबून पूर्ण गाणं दोनदा, हे जाळं. बाकी सगळं फसलं तरी व्हिडिओ उभा राहतो. मग गायकाचं पूर्ण गाणं जवळून तीनदा. मग प्रत्येक वादकाचं एकेकदा पूर्ण गाणं. लोक इथे फक्त सोलो घेतात आणि पस्तावतात, कारण बेसवाल्याचा सगळ्यात चांगला क्षण बहुधा दुसऱ्या व्हर्समध्ये, तो कुणाकडे पाहून हसतो तेव्हा, येतो. शेवटी तुकडे: किक ड्रमवरचा पाय, पेडल दाबणारा बूट, ॲम्पचं बटण, घामाने चिकटलेले केस, दोन ठोक्यांच्या मधली हवेतली काठी. सोलोत बोटं खरी त्याच सुराची हवीत. गिटार शिकणारी पोरं हा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहणार आहेत.

एडिटिंग

दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. क्लिपा टाकण्याआधी टाइमलाइन २५ फ्रेमवर ठेवा. सगळे टेक गाण्याखाली जुळवून मल्टिकॅम करा, म्हणजे ते एकदम समोर ठेवून निवडता येतात. मग एकही कट न मारता प्रत्येक टेक पूर्ण पाहा, हातात तीच वही घेऊन. जिथे तुमचा श्वास अडकला तो सेकंद लिहा. बाकी व्हिडिओ या नोंदींतूनच उभा राहतो.

नवीन एडिटर प्रत्येक ठोक्यावर कट मारतो. १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोक्यांच्या) गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे साडेबारा फ्रेमचा. सगळे कट तिथे पडले की पाचव्या कटाला प्रेक्षकाला सहावा आधीच कळतो आणि तो गाणं ऐकायचं सोडतो. मी कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी मारतो, म्हणजे नवं चित्र डोळ्यात स्थिरावतं तेवढ्यात स्नेअर पडतो. आणि हालचाल तोडून जोडतो: एका शॉटमध्ये काठी वर जाते, दुसऱ्यात खाली आदळते. डोळा काठीमागे जातो, कट दिसत नाही.

व्हर्समध्ये शॉट लांब ठेवा. चार-चार ओळी एकाच शॉटमध्ये जाऊ द्या, मन कट मारायला मागेल तरी. कोरसला लांबी निम्मी करा. आणि गाणं सगळ्यात जोरात असतं तिथे एकदा कट थांबवून पाहा. आमच्या व्हिडिओत शेवटच्या कोरसला गायक उन्हाच्या खांबात शिरतो तिथून नऊ सेकंद कट नाही. आधीच्या कोरसमध्ये तेवढ्याच वेळात सात कट आहेत. बँडमधल्या दोघांना ते नऊ सेकंद लांब वाटले होते. मी म्हटलं, डोळे मिटून ऐका आणि मग परत पाहा. पाहिल्यावर ड्रमर म्हणाला, "राहू दे, दादा. इथे मी पहिल्यांदाच त्याचे शब्द ऐकले."

दिव्यांचे झटके एडिटिंगमध्ये घालत असाल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त नकोत. फोटोसेन्सिटिव्ह अपस्मार असलेल्यांना त्याने खरोखर झटका येऊ शकतो.

रंग आणि शेवटची तपासणी

रंग करताना आधी सगळ्या शॉटमधली कातडी एकमेकींशी जुळवा, मूड नंतर. काळा अगदी ठार काळा करू नका. धूर आणि काळोखाच्या सीमेवर यूट्यूबचं कॉम्प्रेशन चौकोनी ठोकळे पाडतं. हलकं ग्रेन (फिल्मसारखा बारीक रवा) टाकल्याने ते बरेच लपतात, आणि १०८० मध्ये एडिट केलं असलं तरी ४के करून चढवलं की यूट्यूब जास्त बिटरेट (सेकंदाला जास्त डेटा) देतं.

मग व्हिडिओ तीनदा पाहायचा. एकदा आवाज बंद करून, म्हणजे चित्र स्वतःच्या पायावर उभं आहे का ते कळतं. एकदा रात्री खोलीतले दिवे मालवून मोठ्या पडद्यावर. आणि एकदा दुपारी गच्चीवर, उन्हात, फोनच्या पडद्यावर, कारण बहुतेक लोक तो तसाच पाहणार. पहिल्या व्हर्समधला ड्रमर तिथे दिसेनासा झाला असेल तर त्याच्या खांद्यामागची कड किंचित वर उचला. चेहरा उचलू नका. तो अजून यायचा आहे.